कवड्या की मण्यार?



गेल्या पंधरवड्यात आलेल्या पत्रांत विदर्भातल्या एका भगिनीचे पत्र आहे. तिच्या वस्तीत दोन तरुण आहेत. दोघांनाही साप ओळखण्याचा छंद. रात्री-अपरात्री कोणी हाक मारली तरी दोघेही धावून जाणारे. पावसाळ्यात सार्वजनिक टाकीजवळ एक साप निघाला. एक म्हणाला हा विरोळा, दुसरा म्हणाला दिवड. शब्दाने शब्द वाढला. "तुला काय कळतं?" इथपासून "तुझ्या बापाला तरी कळलं होतं का?" इथपर्यंत मजल गेली. दोन महिने झाले, दोघे एकमेकांचे तोंड पाहत नाहीत. ती भगिनी विचारते, "भाऊ, साप तर गटारातून निघून गेला. भांडण मात्र वस्तीत राहिले. दोघांत खरा कोण?"

ताई, दोघेही खरे. विरोळा आणि दिवड ही एकाच सापाची दोन नावे आहेत. पाण्याच्या कडेला राहतो, बेडूक-मासे खातो. अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन असतात आणि डोळ्याखालून मागे जाणाऱ्या दोन काळ्या तिरप्या रेघा. स्वभावाने चिडका, चावला तर रक्त काढील, पण विष नाही. आता सांगा, एकाच सापासाठी दोन शेजाऱ्यांनी दोन महिने अबोला धरायचा!

नावांचा हा घोळ आपल्याकडे जुनाच आहे. ज्या सापाला सगळा महाराष्ट्र घोणस म्हणतो, त्याला विदर्भात परड म्हणतात. उलट 'डुरक्या घोणस' नावात घोणस असूनही बिनविषारी आहे, आणि नावाच्या साम्यामुळे बिचारी फुकट मार खाते. धामण म्हणजे नागाची मादी, असे माझी आजीसुद्धा सांगत असे. तसे नाही. धामणीत नर-मादी आहेत, नागात नर-मादी आहेत, दोन्ही जाती अगदी वेगळ्या. म्हणून कोणी एखादे नाव घेतले की आधी विचारावे, "तुमच्याकडे याला असं म्हणतात का? दिसायला कसा असतो?" निम्मी भांडणे तिथेच मिटतात.

पत्र वाचून मला आधी हसू आले. मग हसू गेले. कारण 'तुला काय कळतं' हे वाक्य मीही बोललो आहे, आणि समोर माझ्या बरोबरीचा तरुण नव्हता, नववीतला मुलगा होता. ही गोष्ट मी या सदरात आजवर लिहिली नव्हती. आज लिहितो.

आमची वस्ती ठाणे जिल्ह्यात डोंगराच्या पायथ्याला आहे. पाठीमागे दगडी बांध, पुढे नाला, मध्ये पत्र्याची घरे. पाऊस सुरू झाला की बिळात पाणी शिरते आणि साप कोरडी जागा शोधत आमच्याकडे येतात. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर मी हा छंद धरला, वनखात्याकडून रीतसर परवानगी घेतली. आमच्या वाचनालयात दर रविवारी सकाळी आठ-दहा जण जमतात. फोटो पाहायचे, पुस्तक उघडायचे, कोणाच्या घरी काय निघाले ते सांगायचे. हा मुलगा सगळ्यांत लहान. बाकावर जागा असली तरी दाराशी उभा राहून ऐकायचा. सापाला हात लावायची परवानगी त्याला नव्हती, आजही नाही. फक्त पाहायचे आणि वहीत लिहायचे.

जुलैतली रात्र. दहा वाजून गेले होते, दिवे गेलेले. एका घरी मोरीत पाण्याच्या पिंपामागे साप असल्याचा निरोप आला. मी, माझा एक जोडीदार आणि मागोमाग हा मुलगा. बॅटरी मारली. काळपट अंग, पांढरे आडवे पट्टे, वेटोळे घातलेले आणि डोके वेटोळ्याखाली दडवलेले. घरातली बाई लेकराला कडेवर घेऊन बाहेर थरथरत उभी होती. मला तिला लवकर धीर द्यायचा होता. खरे सांगायचे तर चार माणसांपुढे आपली हुशारीही दाखवायची होती. मी मोठ्याने म्हणालो, "काही घाबरू नका, कवड्या आहे. बिनविषारी. आत्ता उचलतो." आणि खांद्यावरचे फडके हातात घेतले.

मागून आवाज आला, "काका, मानेकडं पट्टे दिसत नाहीत. शेपटीकडंच ठळक आहेत."

मी वळलोसुद्धा नाही. म्हणालो, "तू कोण रे मला शिकवणारा? किती वर्षं झाली तुला साप बघून? तुला काय कळतं?"

वाचकहो, 'तू कोण रे?' हा प्रश्न आपल्या बापजाद्यांनी किती दारांवर ऐकला असेल त्याचा हिशेब नाही. काय म्हणतोस ते कोणी ऐकायचे नाही, कोण म्हणतोय तेवढे पाहायचे. आणि तोच प्रश्न मी आमच्याच वस्तीतल्या, आमच्याच लेकराला विचारला.

माझ्या जोडीदाराने माझा हात धरला. "दादा, पोरगं म्हणतंय तर एकदा बघू या. आपल्याला कुठं गाडी पकडायचीय?" आम्ही लांब आकड्याने वेटोळे हलकेच सोडवले. चकचकीत काळे अंग, मानेपासून हातभर एकही पट्टा नाही. पुढे बारीक पांढऱ्या रेघा, दोन-दोनच्या जोडीने, शेपटीकडे अधिक ठळक होत गेलेल्या. मण्यार. माझ्या हातातले फडके तसेच राहिले.

साप नळकांड्यातून पिशवीत घेतला, वनखात्याला कळवला, पुढचे सगळे रीतीप्रमाणे झाले. बाईने चहा टाकला. चहाच्या वेळी पाहतो तर मुलगा निघून गेलेला. मी त्याच्याबद्दल एक शब्द बोललो नाही. पुढच्या रविवारी तो आला नाही.

या दोन सापांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्यासारख्यांच्या घरांत हेच दोन साप रात्री येतात आणि एकाच्या वाटचा मार दुसरा खातो. कवड्या बहुधा तपकिरी असतो. त्याचे पांढरे-पिवळसर पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे फिके पडत जातात. मण्यारचे उलट. कवड्या पालींच्या मागे भिंत चढतो, पत्र्याच्या खाचेत बसतो. मण्यार जमिनीलगत फिरतो आणि त्याचे मुख्य खाणे दुसरे साप, उंदीर वगैरे. पण रंगावर फार विसंबू नये. अंग ओले असले, उजेड कमी असला, कात टाकायला आलेला असला की तपकिरी काळा दिसतो. मण्यारच्या पिल्लाला पुढच्या भागातही खुणा असू शकतात. काही मण्यारांचे पट्टे इतके पुसट असतात की नुसता काळा साप वाटतो.

मग खात्रीची खूण कोणती? खवले. मण्यारच्या पाठीच्या मधोमध, कण्यावरून जाणारी खवल्यांची एक ओळ बाजूच्या ओळींहून स्पष्ट मोठी असते, एकेक खवला षट्कोनी. कवड्याची ती ओळ बाकीच्या ओळींसारखीच. दुसरी खूण शेपटीच्या खालच्या बाजूला. मण्यारचे तिथले खवले एकेरी, अखंड असतात. कवड्याचे जोडीने, मध्ये दुभंगलेले. माताभगिनींनो, यासाठी जिवंत सापाजवळ कोणी जाऊ नये, हे मी हात जोडून सांगतो. खवले पाहायचे ते लांबून मोठा करून घेतलेल्या फोटोत, नाहीतर टाकलेल्या कातीवर. मेलेल्या सापालाही हात लावू नये. मेल्यावर काही वेळ त्याचा जबडा आपोआप मिटून दंश होऊ शकतो.

खवल्यांवरून साप ओळखायची ही पद्धत सामान्य माणसापर्यंत यावी म्हणून काही लोकांनी आयुष्य घातले. पॅट्रिक रसेल नावाचा एक डॉक्टर ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात विशाखापट्टणमला होता. १७९६ साली कोरोमंडल किनाऱ्यावरच्या सापांचा त्याचा सचित्र ग्रंथ निघाला. विषारी कोणता आणि बिनविषारी कोणता हे लोकांना कळावे, ही त्यामागची तळमळ होती. घोणशीला इंग्रजीत आजही त्याच्याच नावाने ओळखतात. पुढे फ्रँक वॉल या लष्करी डॉक्टरने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विषारी साप कसे ओळखावेत यावर एक पुस्तक लिहिले. १८८३ साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने ते छापले. वॉलची सगळी मांडणी खवल्यांवर. त्याला कोणी विचारले, 'हा मण्यार कशावरून?' तर तो आपला हुद्दा सांगत नव्हता, खवला दाखवत होता.

एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. रसेलने आपल्या ग्रंथात सापांची नावे तेलुगू लोकांच्या तोंडून घेतली. मण्यारच्या कुळाला शास्त्रात 'बंगॅरस' म्हणतात. तो शब्द तेलुगूतल्या 'बंगारू'वरून आला, म्हणजे सोने. त्याच कुळातल्या पिवळ्या पट्ट्यांच्या सापाला तिथले लोक तसे म्हणत. ज्यांनी ही नावे सांगितली, त्यांची स्वतःची नावे मात्र आपल्याला ठाऊक नाहीत. आणि हे जुनेच आहे असे समजू नका. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर गळ्याला निळा-काळा-केशरी पंखा असलेले सरडे आहेत. २०१६ साली शास्त्रज्ञांनी या सरड्यांसाठी नवा वंश नोंदवला, आणि त्याला नाव दिले 'सरडा'. आपला मराठी शब्द, आपल्या आईने अंगणात शिकवलेला, आज जगभरच्या शास्त्रीय पुस्तकांत आहे.

तामिळनाडूतले इरुला आदिवासी तर पिढ्यान् पिढ्या साप पकडत आले. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर कातड्यांचा व्यापार बंद पडला आणि त्यांचे पोटच गेले. मग १९७८ साली त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. साप पकडायचा, विष काढून घ्यायचे आणि साप पुन्हा रानात सोडायचा. आपल्या देशात सर्पदंशावर जे औषध बनते, त्याला लागणारे बरेचसे विष या संस्थेतून येते. मातीवरचा माग पाहून बिळात कोणता साप आहे हे सांगणारी ही माणसे. त्यांच्यातल्या वडिवेल गोपाल आणि मासी सडैयन या दोघांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. शाळेच्या दाखल्यावरून त्यांची परीक्षा घेतली असती तर देशाचे नुकसान झाले असते.

पण म्हणून जुने जाणते बोलतात ते सगळेच खरे, असेही नाही. आमच्या रविवारच्या बैठकीत एक आजोबा येतात. मांडुळाला दोन तोंडे असतात, सहा महिने इकडून आणि सहा महिने तिकडून चालतो, हे ते शपथेवर सांगत. आमच्यातला एक कॉलेजचा मुलगा त्यांना खो-खो हसला. आजोबा महिनाभर फिरकले नाहीत. मग आम्ही त्यांना घरी जाऊन आणले, मोठा छापील फोटो समोर ठेवला आणि विचारले, "आजोबा, या टोकाला डोळा कुठं आहे, बोट ठेवा बरं." आजोबांनी चष्मा पुसून पुष्कळ वेळ पाहिले आणि म्हणाले, "ही शेपटीच की रे. फसवी आहे." आता हे ते स्वतः दुसऱ्यांना सांगतात आणि आमच्यापेक्षा चांगले सांगतात. ओघात एक सावधगिरीची सूचना. मांडुळाला लाखो रुपये मिळतात म्हणून आपल्या तरुणांना कोणी फशी पाडत असेल तर त्याच्या वाऱ्याला उभे राहू नका. पैसे मिळवून देणारा पसार होतो आणि पिशवी ज्याच्या हातात सापडते तो कोठडीत जातो. म्हणूनच मांडूळ कुठे दिसला ती जागा आम्ही बैठकीत कधी बोलून दाखवत नाही. कोणी फोटो आणला तर नाव सांगतो, पत्ता विचारत नाही.

माझी दुसरी चूकही इथेच सांगून टाकतो. एकदा एक बाई मारलेला साप काठीवर घेऊन आली. 'बघा दादा, विषारी होता का?' साप म्हणजे नानेटी. पाठीवर दोन पिवळसर पट्टे असलेला, बेडकांवर जगणारा, अगदी गरीब जीव. मी तिला चारचौघांत फैलावर घेतले. 'अडाणीपणा', 'पाप' असे काहीबाही बोललो. ती खाली मान घालून गेली. पुढे कळले की त्या गल्लीत नंतर आणखी दोन-तीन साप निघाले, सगळे मारले आणि मला न विचारता नाल्यात टाकले. विचारायला कोण येईल? दोन लेकरे जमिनीवर झोपलेली असताना अंधारात साप दिसला, तर आई काठी उचलणारच. तिला आधी 'घरातली सगळी ठीक ना?' असे विचारायला हवे होते. मग साप दाखवून 'हा नानेटी, पुढच्या वेळी याला टोपली झाका आणि मला हाक मारा', एवढे बस होते.

आता आमच्या बैठकीत एक रीत पडली आहे. फोटो टेबलावर आला की नाव कोणी घ्यायचे नाही. आधी दिसले काय ते सांगायचे. अंग जाड की सडपातळ, डोके मानेपासून वेगळे की सरळ, पट्टे कुठून कुठवर, खवले खरखरीत की गुळगुळीत, कुठे सापडला, किती वाजता. आणि बोलायला सुरुवात सर्वांत लहानाने करायची. मोठा माणूस आधी बोलला की लहान गप्प बसतो किंवा त्याचीच री ओढतो. नाव शेवटी, आणि नावाबरोबर कारण. फोटोत मान दिसत नसेल, पाठ दिसत नसेल, तर 'एवढ्यावरून सांगता येत नाही' हे उत्तर पुरे मानले जाते. पहिल्या पहिल्यांदा हे वाक्य उच्चारताना माझी जीभ अडखळायची. वर्षानुवर्षे 'दादांना सगळं कळतं' असे ऐकायची सवय झालेली. पूर्वी घाईघाईने दिलेली माझी किती नावे चुकली असतील, तेही आता मोजता यायचे नाही.

फुरसे आणि मांजऱ्या यांचा वाद आमच्याकडे दोन रविवार चालला होता. दोन्ही लहान, दोन्ही तपकिरी नक्षीचे, दोन्हींची बुबुळे उभी. फुरशाच्या डोक्यावर बाणासारखी खूण, मांजऱ्याच्या डोक्यावरही फाटे फुटलेली रेघ. एक फुरसे म्हणे, दुसरा मांजऱ्या म्हणे. शेवटी डोक्यावरचे खवले मोठे करून पाहिले. फुरशाचे डोके बारीक, खरखरीत खवल्यांनी भरलेले असते, मांजऱ्याच्या डोक्यावर मोठी गुळगुळीत ढाल-खवले. होता मांजऱ्या. हरलेला गडी म्हणाला, "बरं झालं, माझ्या मामाच्या शेतात यानंच दोन वर्षं घाबरवलंय." आणि दोघे मिळून चहाला गेले.

एका ठिकाणी मात्र ओळखीचा वाद घालूच नये. कोणाला दंश झाला असेल तर 'कवड्या होता, विष नसतं, झोप' असे म्हणणारा माणूस त्याचा शत्रू समजावा. साप कोणता हे नक्की नसले तरी उपचार अडत नाहीत. आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर मिळून एकच असते आणि डॉक्टर ते लक्षणे पाहून देतात. म्हणून साप मारून किंवा पकडून दवाखान्यात न्यायची गरज नाही. त्या नादात दुसऱ्याला दंश होतो. सहज मिळाला तर लांबून फोटो, नाहीतर तोही नको. चिरा देऊ नये, चोखू नये, करकचून बांधू नये, भगताकडे वेळ घालवू नये. माणसाला धीर द्यावा, तो अवयव हलू देऊ नये आणि १०८ ला फोन करून किंवा मिळेल त्या गाडीने सरकारी रुग्णालय गाठावे. मण्यारचा दंश फार दगाबाज. झोपेत अंगाखाली दबला की चावतो, दुखत नाही, सूज नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखते, घसा धरतो, बोलणे बोबडे होते, पापण्या जड होऊन मिटू लागतात. घरचे म्हणतात, रात्रीचे जेवण बाधले. जमिनीवर झोपलेल्या माणसाची पावसाळ्यात अशी अवस्था झाली तर ओवा देत बसू नका, रुग्णालयात न्या. २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने गेली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मांडला आहे. ती बहुतेक खेड्यापाड्यातली माणसे होती.

आता त्या मुलाकडे वळतो. पुढचा रविवार गेला. त्याच्या पुढच्या रविवारपर्यंत वाट पाहावी, असे मी ठरवत होतो. पण जोडीदार म्हणाला, "दादा, वाट त्यानं बघायची का तुम्ही?" मग शुक्रवारी संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. बाप नाक्यावर कामाला जाणारा, अजून आला नव्हता. आई भाकऱ्या थापत होती. मला पाहून गडबडीने उठली, पदर सावरला.

म्हणालो, "ताई, तुमच्या मुलाची माफी मागायला आलोय."

तिला काही ते नीट ऐकू आले नाही, की ऐकू येऊनही पटले नाही. म्हणाली, "काय केलं त्यानं? दादा, लहान आहे, पदरात घ्या."

मी पुन्हा सांगितले. मोरीतल्या रात्रीचे सगळे सांगितले. त्याने म्हटले ते खरे होते, मी चुकलो, आणि चूक कळल्यावरही गप्प बसलो, असे त्याच्यासमोर म्हणालो. मुलगा दप्तरात डोके घालून बसला होता. वर पाहिले नाही. थोड्या वेळाने उठला, पत्र्याच्या पेटीमागे हात घातला आणि दुधाची एक रिकामी पिशवी काढली. पिशवीत सापाची कात होती.

"कुठं मिळाली?"

"मागच्या भिंतीच्या फटीत. त्या रात्रीनंतर दुसऱ्याच दिवशी."

बारा दिवस झाले होते. "मग दाखवली का नाहीस? आईला तरी सांगायचंस."

"नक्की माहीत नव्हतं," तो म्हणाला. "चुकीचं सांगितलं तर हसतील."

मी त्या खोलीत चौफेर पाहिले. एका कोपऱ्यात गोधड्या, चटई. पाच माणसे, सगळी खाली झोपणारी, भिंतीला डोके करून. तीच भिंत.

आम्ही दारात उजेडाला बसलो. कात मोजा काढावा तशी उलटी निघते आणि ताणून सापापेक्षा लांब होते, रंगही राहत नाही. म्हणून पाहायचे ते फक्त खवले. त्याने वहीचे पान खाली धरले, मी कात हळूहळू पसरली. पाठीच्या मधोमध मोठ्या खवल्यांची ओळ दिसत होती. माझ्या तोंडावर नाव आलेच होते. तेवढ्यात तो म्हणाला, "काका, रुक्याची पण मधली ओळ मोठी असते ना? मांजऱ्याची पण जरा असते."

खरे होते. मी विचारले, "मग पुढं काय बघायचं?"

"शेपटीखाली."

कात उलटी करून शेपटीचे टोक शोधले. ते फाटलेले होते, तरी वरचा बराच भाग शाबूत होता. त्याने बोटाच्या नखाने एकेक खवला मोजला. सगळे एकेरी, एकही दुभंगलेला नाही. त्याने माझ्याकडे पाहिले. या वेळी मी गप्प राहिलो.

"मण्यार," तो म्हणाला.

त्याची आई परात बाजूला ठेवून दारात येऊन उभी होती. काही न बोलता ती आत गेली आणि गोधड्या भिंतीपासून ओढू लागली. मुलाचा बाप आला तेव्हा आम्ही फट सिमेंटने बुजवत होतो. त्याने टोपी खुंटीला लावली आणि थापी माझ्या हातातून घेतली, कारण ते काम मला नीट जमत नव्हते. शेजारच्यांनी एक बाज दिली, धाकट्या दोघांसाठी. बाकीच्यांना मच्छरदाणी आणली, चारही बाजूंनी चटईखाली घट्ट खोचायची. ती कशी खोचायची ते मुलाने सगळ्या गल्लीला दाखवले.

विदर्भातल्या ताई, त्या दोघा तरुणांना हा अंक दाखवा. त्यांच्याकडे दिवडीचा फोटो असेल तर तोही पाठवा. आमच्या बैठकीत तो मुलगा आता पहिला बोलतो.